परग्रहावरचे क्रियापद

परग्रहावरील प्राणी निर्माण करणे हे काम कादंबरीकार समजतात तितके अवघड नाही. दोन डोळ्यांच्या जागी सात द्यावे, हातांच्या जागी वेली लावाव्या, रक्त निळे करावे आणि वाचकाला क्षणभर दचकवून सोडावे, एवढ्याने भागते. त्यांना तीन लिंगे द्यावी, पाच द्यावी किंवा एकही देऊ नये, हेही कागदावर एका ओळीत होऊन जाते. खरी अडचण दुसऱ्या ओळीत येते. तो सात डोळ्यांचा जीव दाराशी येऊन उभा राहतो आणि मराठी लेखकाला लिहिणे भाग पडते: आला, आली, की आले? वरच्याच वाक्यात पाहा. ‘जीव’ हा शब्द पुल्लिंगी म्हणून पाहुणा ‘उभा’ राहिला; ‘व्यक्ती’ म्हटले असते तर ‘उभी’ राहिली असती, आणि ‘माणूस’ म्हटले असते तर परग्रहाचा प्रश्नच मिटला असता. सात डोळ्यांचे आपण पाहून घेऊ. पण या एका काना-वेलांटी-मात्रेचे काय करावे?

इंग्रजी लेखकाला हे संकट निम्मेच भोगावे लागते. त्याचे क्रियापद आणि विशेषण लिंगाची चौकशी करीत नाही. सर्वनामापाशी मात्र तो अडतो. आमची मराठी सर्वनामापाशी विचारते, विशेषणापाशी विचारते, ‘चा-ची-चे’ लावताना विचारते, आणि वाक्य संपता संपता क्रियापदापाशी पुन्हा एकदा विचारते. तेव्हा कल्पित जीवांची लिंगव्यवस्था रचणे म्हणजे त्यांच्यात किती प्रकार आहेत याची यादी करणे नव्हे. बोलणाऱ्याला कोणत्या जागी काय ठरवल्यावाचून तोंड उघडता येत नाही, त्या सक्तीचे नाव लिंगव्यवस्था. ही सक्ती ज्याने ठरवली नाही त्याने सात डोळ्यांखाली आपल्याच गल्लीतला इसम उभा केला, असे आम्ही खुशाल समजतो.

मोठमोठ्या लेखकांचीही येथे ओढाताण झाली आहे. आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गॉड्स देमसेल्व्ह्ज’ या कादंबरीच्या मधल्या भागात तीन लिंगांचे जीव रंगविले. एक विवेकी, एक भावनाशील आणि एक पालक. तिघे एकमेकांत विरघळतात तेव्हा संततीची सोय होते. रचना मोठी हुशारीची. पोरे सांभाळण्याचे काम ज्याच्याकडे आहे त्या पालकाला लेखकाने पुरुषवाची सर्वनाम दिले, हेही धीटपणाचे. पण विवेकीही ‘तो’ आणि पालकही ‘तो’, भावनाशील तेवढी ‘ती’! लिंगे तीन आणि सर्वनामे दोन. तिसऱ्याला जागा नाही म्हणून तो पहिल्याच्या बिऱ्हाडी पोटभाडेकरू होऊन राहिला. आणि भावना म्हटली की ‘ती’, हे तर आमच्या कोणत्याही कीर्तनकारालाही सुचले असते.

उर्सुला ल ग्विन यांची गोष्ट याहून विचार करण्यासारखी आहे. १९६९ सालच्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीत गेथन नावाच्या हिमग्रहावर राहणारी माणसे महिन्यातले बरेचसे दिवस ना स्त्री असतात ना पुरुष. थोडे दिवस देह यापैकी एक रूप घेतो. कोणते, हे आधी सांगता येत नाही. एकाच व्यक्तीला काही मुले ‘आई’च्या नात्याने असावी आणि काही ‘बापा’च्या, असा तेथला संसार. आणि एवढे सगळे योजून बाईंनी या माणसांना पुस्तकभर ‘तो’ म्हटले! टीका झाली. १९७६ साली निबंध लिहून त्यांनी आपल्या निवडीचे समर्थन केले. त्याआधीच, १९७५ च्या कथासंग्रहात, त्याच ग्रहावरची आपली एक जुनी कथा त्यांनी सर्वांना ‘ती’ म्हणून पुन्हा छापली, मात्र ‘राजा’ हा शब्द तसाच ठेवला. आणि १९८७ साली तो निबंध स्वतःच्याच मतांवर हरकती नोंदवून नव्याने प्रसिद्ध केला. एका अडीच अक्षरी सर्वनामाशी लेखिका जवळजवळ वीस वर्षे भांडत होती. आम्हांला त्या कादंबरीपेक्षाही हे भांडण अधिक मोलाचे वाटते.

आमच्या पुराणिकांना मात्र असा घोर पडलेला दिसत नाही. इलेची कथा सर्वांना ठाऊक आहे: एक महिना पुरुष, एक महिना स्त्री, आणि तिच्या पोटी पुरूरवा जन्मून चंद्रवंश सुरू झाला. रामायणाच्या उत्तरकांडात तर एका महिन्याची आठवण दुसऱ्या महिन्यात राहत नाही, ही बारीक आणि भयंकर कल्पनाही आहे. तिकडे मंत्रोदक पिऊन गर्भ राहिलेला युवनाश्व राजा, आणि त्याची कूस फोडून निघालेला मांधाता. कथेकरी महिना बदलला की क्रियापद बदलतो आणि पुढे जातो. पण येथेही एक कबूल केले पाहिजे की इलेच्या कथेत प्रकार दोनच आहेत; फक्त एकाच देहाने ते आळीपाळीने घेतले आहेत. तिसरे घर त्या कथेने बांधलेले नाही.

आता असे तिसरे, किंवा वेगळ्याच आखणीचे, घर पाहण्यासाठी गेथनपर्यंत जाण्याचे कारण नाही. किनवटच्या बाजारापर्यंत गेले तरी पुरते. हा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. सरहद्द नकाशावर सरकली, माणसे आणि त्यांच्या भाषा होत्या तेथेच राहिल्या. पैनगंगेच्या या सागवानी मुलखात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा आणि उर्दू या भाषा एकाच दिवशी, एकाच दुकानाच्या फळीपुढे ऐकू येतात. त्या सर्वांना ‘आला-आली’ ठरवावे लागते. पण ठरवण्याची रेघ प्रत्येकीने निराळ्या जागी ओढलेली आहे.

एक गडी आला, एक बाई आली, एक शेळी आली आणि पाऊस आला, अशी चार वाक्ये घ्या. मराठीत गडी व पाऊस एकीकडे, बाई व शेळी दुसरीकडे. आणि पाठोपाठ शेळीचे करडू आले तर ते तिसरीकडे. उर्दूत ही तिसरी खोलीच नाही. तेलुगूत गडी आला की ‘वच्चाडु’. आणि बाई, शेळी, पाऊस, इतकेच काय बस आली तरी ‘वच्चिंदि’. म्हणजे एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला उरलेली सृष्टी. पण गंमत पुढे आहे. एकाऐवजी दोन बाया आल्या की त्या उठून गड्यांच्या पंक्तीला जाऊन बसतात: गडी आले तरी ‘वच्चारु’, बाया आल्या तरी ‘वच्चारु’, शेळ्या बिचाऱ्या ‘वच्चायि’ म्हणत मागे राहतात. एकवचनात रेघ पुरुष आणि इतर यांच्यामध्ये, अनेकवचनात ती मनुष्य आणि इतर यांच्यामध्ये! गोंडी व कोलामी या तेलुगूच्या भावकीतल्याच भाषा; परंतु त्यांनी ही उडी घेतलेली नाही. त्यांच्यात पुरुष तेवढा वेगळा, आणि स्त्री, पाखरू, नदी, दगड, चांदणी यांना मिळून एकच सर्वनाम, ‘अद्’. आणि केवळ बायांचा घोळका आला तरी तो अनेकवचनातही त्याच बाजूला राहतो. त्यात एखादा पुरुष मिसळला की साराच घोळका पुरुषांच्या रूपाने चालू लागतो.

परग्रहासाठी अशी व्यवस्था कोणी कल्पून आणली असती तर समीक्षकांनी तिला अतिरंजित म्हटले असते.

हे ऐकल्यावर शहरातून आलेले पाहुणे हटकून एक निष्कर्ष काढतात: पाहा, यांनी बाईला शेळीच्या आणि दगडाच्या रांगेत बसविले; यावरून यांच्या समाजात स्त्रीची किंमत काय ती दिसून आली! निष्कर्ष सोपा आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. तो खरा मानला तर तेलंगणातील बाई एकटी असताना वस्तू असते आणि मैत्रीण भेटताच माणूस होते, असे म्हणावे लागेल. फारसीत ‘तो’ आणि ‘ती’ हा भेदच नाही. म्हणून इराणात बाया आणि पुरुष सदैव समान राहिले असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीच्या क्रियापदाला लिंग नाही, तरी केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडू दिले. संस्कृतात तर पत्नीला ‘भार्या’ म्हटले की स्त्रीलिंग, ‘कलत्र’ म्हटले की नपुंसकलिंग, आणि ‘दार’ म्हटले की पुल्लिंग आणि वर अनेकवचन! पतंजलीने महाभाष्यात हाच घोळ सोडवायला घेतला आहे. देहाची खूण पाहून लिंग ठरवावे तर खाटेला आणि झाडाला कोणती खूण, असा प्रश्न घालून तो शेवटी देहाला सोडून देतो आणि साठणे व स्रवणे या दोन अवस्थांवर येऊन थांबतो. उत्तर पटो वा न पटो, प्रश्न मात्र परग्रहवाल्या प्रत्येक लेखकाने आधी स्वतःला घालून घ्यावा असा आहे.

किनवटच्या बाजूच्या या भाषांकडे विद्वानांचे लक्ष गेले त्याचीही एक हकीकत आहे, आणि ती आमच्या विषयाला अगदी अनपेक्षित रीतीने येऊन मिळते. मराठी वाचक सेतुमाधवराव पगडी यांना शिवकालाचे आणि मोगल-मराठा संघर्षाचे इतिहासकार म्हणून ओळखतो. ते मूळचे आमच्याच भागातले. जन्म १९१० साली निलंग्याचा. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना ते गोंड-कोलामांत वावरले, त्यांच्या भाषा शिकले, आणि १९५० साली त्यांनी कोलामीचे व्याकरण इंग्रजीतून प्रसिद्ध केले. कचेरीतल्या अधिकाऱ्याने रयतेचे क्रियापद शिकावे ही गोष्ट त्या काळी अपूर्व होती. आजही ती फारशी रुळलेली दिसत नाही. पाच वर्षांनी, १९५५ साली, मरे एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. एमेनो हे त्या विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक; तेथला भाषाशास्त्राचा विभाग त्यांनीच १९५३ साली उभा केला. याच बर्कलीत १९४६ पर्यंत मानववंशशास्त्र शिकविणारे आल्फ्रेड क्रोबर हे उर्सुला ल ग्विन यांचे वडील! आणि त्याच भाषाशास्त्र विभागातून १९७७ साली अमेरिकेतील एका मूलनिवासी भाषेवर प्रबंध लिहून डॉक्टर झालेले मार्क ओक्रँड यांनी पुढे ‘स्टार ट्रेक’ या चित्रपटमालिकेतील क्लिंगॉन नामक परग्रहवासीयांची भाषा रचली. कोलामांच्या पोडापासून क्लिंगॉनांच्या ग्रहापर्यंतचा हा रस्ता एकाच विद्यापीठाच्या आवारातून जातो, हा योगायोग आम्हांला फार आवडतो.

ओक्रँड यांचा क्लिंगॉन कोश १९८५ साली निघाला. त्यात नामांचे तीन वर्ग आहेत: बोलू शकणारे जीव, शरीराचे अवयव, आणि बाकीचे सारे. स्त्री आणि पुरुष हा भेद त्यात कोठेच नाही. जो बोलतो त्याला एक सर्वनाम, जे बोलत नाही त्याला दुसरे. ‘माझा’, ‘तुझा’ म्हणतानाही बोलणाऱ्या जीवासाठी एक प्रत्यय आणि इतरांसाठी दुसरा. आता कोणी ‘तुझे मित्र’ म्हणताना निर्जीव वस्तूचा प्रत्यय लावला तर काय होते? कोशकार सांगतो की हे व्याकरणदृष्ट्या चूक नाही. तो अपमान आहे. आमच्या मते ओक्रँड यांच्या सगळ्या रचनेत हा एक बारकावा सर्वांत जिवंत आहे. तीन वर्ग कोणीही पाडील. त्यांतला एक वर्ग चुकीच्या जागी वापरला म्हणजे समोरच्याच्या जिव्हारी लागते, हे ज्याने ठरविले त्याने भाषा केली.

हा अपमान आमच्या मराठीला नवा नाही. ‘कसलं ते ध्यान!’, ‘ते कार्टं आलं वाटतं’, हे आपण माणसांविषयीच बोलतो, आणि त्याच ‘ते’ने पाळण्यातल्या बाळाचे कौतुकही करतो. इंग्रजी ‘इट’ माणसाची वस्तू करते. मराठी ‘ते’ माणसाला लहान करते, मग त्या लहानपणात माया असो की तुच्छता. म्हणून नपुंसकलिंग हे काही तटस्थ लिंग नव्हे. नावापासूनच पाहा! पण याच लिंगाचा एक मोठेपणाही आहे, तो सहसा लक्षात येत नाही. दाराची कडी वाजली की आपण विचारतो, ‘कोण आलं?’ जोवर ओळख पटलेली नाही तोवर मराठी मनुष्याला नपुंसकलिंगात थांबवून ठेवते. आणि स्त्री-पुरुष मिळून आली की हिंदी-उर्दूप्रमाणे सगळ्यांना पुरुष न करता आपण म्हणतो, ‘ती दोघं आली’. नवरा आणि बायको दोघांनीही अर्धे पाऊल मागे घेऊन तिसऱ्या घरात भेटावे, तसे. गोंडीत एका पुरुषाने सारा घोळका फिरतो, मराठीत कोणाच्याच बाजूने फिरत नाही. ही आमच्या भाषेची एक शहाणी खोड आहे.

जुन्या लेखनात हा भेद डोळ्यांनाही दिसे. बाळ येई ते ‘तें आलें’, आणि रावसाहेब येत ते ‘ते आले’. एक बाई ‘ती आली’, आणि ती दोघे किंवा ती मुले ‘तीं आलीं’. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले आणि बालवाडीतले मूल व रावसाहेब छापील कागदावर एकरूप झाले. बोलण्यात ‘ते आलं’ आणि ‘ते आले’ अजून वेगळे आहेत. छपाईत वाचकाने संदर्भावरून ओळखावे. अनुस्वार गेले याबद्दल मुद्रकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. आम्हांला मात्र त्यांतला हा एक टिंब परत हवा आहे, आणि त्याचे कारण पुढे येते.

कोकणात आणि गोव्यात तर तिसऱ्या घराचा आणखी एक उपयोग आहे. तेथे तरुण मुलीविषयी, धाकट्या बहिणीविषयी घरची माणसे ‘तें’ म्हणून बोलतात: ‘तें खंय गेलें?’ थोरल्या बाईला ‘ती’. देशावरच्या माणसाला हे ऐकून प्रथम धक्का बसतो. पण त्यात हिणवणे नाही, जवळीक आहे. एकाच स्त्रीला आयुष्याच्या वाटेवर नपुंसकलिंगातून स्त्रीलिंगात जावे लागते, आणि देहात तर बदल नसतो, बदल नात्यात आणि वयात असतो. लिंग कोठे संपते आणि मान कोठे सुरू होतो, हे येथे कोणत्याही वैयाकरणाने रेघ ओढून दाखवावे.

हे सर्व आम्ही आमच्या एका विद्यार्थिनीच्या निमित्ताने पुन्हा चाळले. तिची घरची भाषा कोलामी. तिने एक कथा लिहिली, पृथ्वीवरची नव्हे. तिच्या ग्रहावरील माणसांच्या तीन अवस्था आहेत: जो पोटात लेकरू वाहतो आहे तो, जो त्या वाहणाऱ्याच्या सोबतीला आहे तो, आणि सध्या या दोहोंपैकी काहीच नाही तो. प्रत्येकाच्या वाट्याला या तिन्ही अवस्था आयुष्यात अनेकदा येतात, आणि बोलणाऱ्याने समोरचा आज कोणत्या अवस्थेत आहे हे क्रियापदातून दाखविलेच पाहिजे. मराठीत तीन प्रत्यय तयार होते. वाहणाऱ्याला तिने ‘तो’ दिला. विचारले तेव्हा म्हणाली, ‘ओझे वाहणारा बैल ‘तो’च असतो ना!’ सोबत्याला ‘ती’ दिली, आणि उरलेल्यांना ‘ते’. तीन खोल्या होत्या, पण तिन्हींत आधीपासून बिऱ्हाडे होती.

‘तो गरोदर आहे’ या वाक्याला वर्गात हशा पिकला, पण तो हशा दोन पानांत विरला. वाचक याला सवकतो. कथा मोडली ती ‘ते’पाशी. त्या ग्रहावरचा न्याय करणारी म्हातारी माणसे सगळी ‘ते’. आणि मोठ्याने वाचताना ‘ते आलं, ते बसलं, ते म्हणालं’ असे वाचले की न्यायसभा म्हणजे बालवाडी वाटू लागे. उलट कागदावरचे ‘ते आले’ दुसऱ्या एका मुलाने आदरार्थी वाचले, तिसऱ्याने पुष्कळजण आले असे समजून वाचले. येथे तो १९६२ पूर्वीचा टिंब फार उपयोगी पडला असता. पुढे ही कथा एका स्पर्धेला गेली आणि परीक्षकाच्या लाल शाईत परत आली: ‘लिंग-वचन तपासावे.’ हा शेरा तिला नवीन नव्हता. लहानपणी ‘आई आलं’ असे लिहिल्याबद्दल तो तिने पुष्कळदा पाहिलेला होता; जिच्या घरच्या भाषेत आईला आणि चांदणीला एकच सर्वनाम आहे त्या मुलीच्या पाटीवर दुसरे काय उमटणार? तिने आम्हांला एवढेच विचारले की ही चूक तिची की तिच्या कथेतल्या माणसांची.

आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की परीक्षकाने मराठी तपासली, आणि तिने जे केले होते ते अजून मराठीत आलेले नव्हते. ते आणणे हे लिहिणाऱ्याचे काम आहे, परीक्षकाचे नव्हे. नियम समजावून सांगणारी प्रस्तावना जोडू नये. कथेतच कोणीतरी तो नियम मोडावा आणि त्याचे काय होते ते दिसावे. चुकल्यावाचून लिंगव्यवस्था दिसत नाही. दुसरी गोष्ट व्यवहाराची. मराठीत अशा काही वाटा आहेत जेथे लिंगाचा नाका लागत नाही. भविष्यकाळ घ्या: तो येईल, ती येईल, ते येईल. ‘आहे’ कोणालाच विचारीत नाही. ‘त्यांनी’, ‘त्यांना’ यांवरून स्त्री-पुरुष कळत नाही. आणि सर्वांत मोठी वाट म्हणजे ‘आम्ही’. ‘मी गेलो’, ‘मी गेले’ म्हणताच उघडे पडावे लागते (कोल्हापूरकडच्या बाया ‘मी आलो’ म्हणून तेथेही चकवतात). पण ‘आम्ही गेलो’ हे स्त्रीनेही म्हणावे, पुरुषानेही म्हणावे. जुन्या संपादकांनी हा ‘आम्ही’ भारदस्तपणासाठी वापरला. त्याचा दुसरा गुण असा की हा लेख लिहिणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे या पानापर्यंत आलेल्या वाचकाला व्याकरणाने कळलेले नाही, आणि त्यावाचून काही अडलेले आहे असे आम्हांला वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल की परग्रहावरच्या प्रत्ययांची एवढी काळजी कशाला? तर हा प्रश्न परग्रहावर राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्त्री व पुरुष यांखेरीज तिसरी ओळख कायद्याने मान्य केली. अर्जावर तिसरा चौकोन आला. पण त्या चौकोनात खूण करणारे माणूस कचेरीच्या दाराशी आले म्हणजे शिपायाने साहेबाला काय सांगावे, हे निकालपत्रातून मराठीला मिळालेले नाही. ‘आला’ म्हटले तर एक दुखापत, ‘आली’ म्हटले तर कदाचित तीच बरोबर, आणि ‘आलं’ म्हटले तर वर सांगितलेले ते लहान करणे. वैयाकरणाने यावर नियम करण्यापूर्वी त्या माणसालाच विचारावे, एवढे आम्हांला कळते. विचारताना ‘आपण’ म्हणावे. त्यालाही लिंग नाही.

विद्यार्थिनीने कथा पुन्हा लिहिली. आता तिची सुरुवात अशी आहे की एक लेकरू पुष्कळ वर्षे दूर राहून परत येते आणि ज्याने त्याला पोटात वाहिले त्याला लांबूनच जुन्या रूपाने हाक मारते. पण ते वाहणे केव्हाच संपलेले असते. दुसऱ्याच कोणाची सोबत आता चालू असते. चुकीचा प्रत्यय ऐकून अंगणातली सगळी माणसे गप्प होतात. न्यायसभेतल्या म्हाताऱ्यांना तिने भविष्यकाळात बोलते केले आहे, आणि त्यामुळे त्यांना एक भविष्यवेत्त्याची कळा आली आहे, जी तिच्याही मनात नव्हती.

हीच कथा तिने पोडावर आपल्या आजीला कोलामीत सांगितली. तेथे प्रत्ययांचा घोळ झालाच नाही, कारण त्या ग्रहावर पुरुष नाहीत असे म्हटले की सगळेच ‘अद्’. बाया, नद्या आणि चांदण्या यांच्या शेजारी त्यांना आपोआप जागा मिळाली. पण मग मराठीत जो अपमान एका प्रत्ययात झाला होता तो कोलामीत प्रत्ययात होईना; ‘लेकरू वाहणारे’, ‘सोबत चालणारे’ असे प्रत्येक वेळी सबंध शब्दांनी सांगावे लागले. आजीने शेवटपर्यंत ऐकून घेतले. अंगणातली माणसे गप्प झाली, येथे तिने नातीला थांबवून विचारले, इतक्या लांबून आलेल्या त्या लेकराला कोणी जेवायला वाढले की नाही. ते कथेत नव्हते. तिसऱ्या खर्ड्यात आता ते आले आहे.